बादलीतले दोन एंजल

रोटरडॅमच्या दक्षिण काठावर, धान्याच्या गोदीमागच्या गल्ल्यांमध्ये, बास्तियान लागेंडाइकशी भांडलेला माणूस ओळखणं सोपं होतं. त्याचं नाक एका बाजूला वळलेलं असायचं. बास्तियान उजव्या हाताने मारायचा, बहुतेक वेळा एकदाच मारायचा, आणि मारताना त्याच्या चेहऱ्यावर राग नसायचा. लोकांना भीती वाटायची ती या राग नसण्याचीच. रागावलेल्या माणसाची समजूत तरी घालता येते.

त्याचा जन्म माश नदीवरच्या मालवाहू बोटीतला. बाप बोटीचा मालक आणि हातात कायम ओला दोर. बोट धक्क्याला नीट लागली नाही की दोर, सूप गार झालं की दोर, पोरगं नुसतं वाटेत उभं राहिलं तरी दोर. बास्तियानला मिसरूड फुटत होतं तेव्हा एक दिवस त्याने तो दोर बापाच्या हातातून काढून घेतला आणि बाप उठायचा थांबेपर्यंत त्याला त्याच दोराने झोडपलं. मग दोर गुंडाळून जागच्या जागी ठेवला, धक्क्यावर उडी मारली आणि पुन्हा त्या बोटीवर पाय ठेवला नाही. बाप वाचला, म्हातारा होऊन मेला. मयताला बास्तियान गेला नाही.

काही वर्षं तो जत्रेतल्या तंबूत मुष्टियुद्ध खेळला, मग गोदीत पोती वाहायला लागला आणि शनिवार-रविवार काटेन्ड्रेख्त वस्तीतल्या एका दारूच्या गुत्त्याबाहेर दारवान म्हणून उभा राहू लागला. आल्चे त्याला तिथेच भेटली. ती शेजारच्या धोबीखान्यात इस्त्रीला होती. असल्या माणसाशी तिने लग्न का केलं, असं तिच्या बहिणीने पुढे कितीदा तरी विचारलं. आल्चे म्हणायची, "तो हसायचा तेव्हा खरोखर हसायचा गं. त्यात लबाडी नव्हती."

हसणं खरं होतं, तसं मारणंही खरं होतं. लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याने तिच्यावर हात उचलला. नंतर तो हात उचलण्यासाठी काही घडावं लागेनासं झालं.

लेनी ही त्यांची एकुलती मुलगी. ती शाळेत जायला लागली त्या सुमारास बास्तियानने एका नॉर्वेजियन खलाशाचा जबडा आणि डोळ्याखालचं हाड मोडलं आणि तो तुरुंगात गेला. सुटून आल्यावर त्याच्यावर देखरेख ठेवायला नेमलेल्या बाई घरी आल्या. कॉफी पिता पिता त्या म्हणाल्या, "घरात काहीतरी जिवंत पाळा, लागेंडाइक. मासे पाळा. माशांकडे बघून माणूस निवतो म्हणतात."

बास्तियान माशांच्या दुकानात गेला. रंगीबेरंगी थव्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या एका टाकीत राखाडी अंगावर काळे पट्टे असलेला, बोटभर लांबीचा एक सिक्लिड जातीचा मासा होता. आपल्या तिप्पट मोठ्या माशाला त्याने टाकीच्या वरच्या कोपऱ्यात दाबून धरलं होतं. मोठ्याची शेपटी संपली होती. पाण्यात खवले कोंड्यासारखे तरंगत होते.

"हा विकायचा नाही," दुकानदार म्हणाला. "म्हणजे विकेन, पण याच्याबरोबर दुसरं काही ठेवता येणार नाही. फार तर याची मादी. तीसुद्धा नशीबवान असली तर."

"दोघांना बांध," बास्तियान म्हणाला.

टाकी त्याने स्वतः बनवली. गोदीच्या कारखान्यात लोखंडी पट्ट्या जोडून सांगाडा केला, जाड काचा पुट्टीने बसवल्या आणि ती रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीत ठेवली. आत दगड, उलथी कुंडी, आणि ते दोघे. खाटकाकडून बैलाचं काळीज आणून, शिरा काढून, तो ते हाताने बारीक करायचा. पाणी बदलताना नर त्याच्या मनगटाला चावायचा. बास्तियान कौतुकाने बघत राहायचा. त्या घरात त्याला चावून सुखरूप राहिलेला तो एकच जीव होता.

निवण्याचं म्हणाल तर तो काही निवला नाही. लेनी चौदा वर्षांची असताना, येनेव्हर दारूच्या बाटलीवरून की आणखी कशावरून, त्याने आल्चेच्या डाव्या कानावर असा तडाखा दिला की त्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. लेनी मधे पडली. तिला त्याने नुसतं बाजूला ढकललं, असं तो पुढे पोलिसांना म्हणाला. टाकीच्या लोखंडी कोपऱ्यावर तिची भुवई फुटली आणि काचेवरून रक्त खाली ओघळलं. आतून तो नर त्या ओघळाला टकरा देत राहिला.

दुसऱ्या दिवशी आल्चेने मुलीला घेतलं आणि डॉर्ड्रेख्त गावी बहिणीकडे गेली. बास्तियान मागे गेला नाही, त्याने माफीही मागितली नाही. खरं सांगायचं तर माफी कशी मागतात ते त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. पण मारायचं कसं हेही त्याला एकट्या बापानेच दाखवलं होतं आणि तेवढं तो चांगलं शिकला होता. तेव्हा ही सबब फार लांब नेता येत नाही.

वर्षं गेली. पहिला नर मेला, त्याच्या पोटचा दुसरा आला, मग तिसरा. एक जोडी सोडून सगळी पिल्लं बास्तियान दुकानदाराला देऊन टाकायचा. वरच्या मजल्यावर डिना नावाची विधवा राहायची. ती रस्त्यात भेटली की विचारायची, "काय रे बास, या खेपेला कोणी कोणाला खाल्लं?"

लेनीचं लग्न झालं हे त्याला डिनाकडून कळलं. नवरा ट्रकवर होता, रीनुस नाव. लग्न ठीक चाललेलं नाही, हेही डिनानेच सांगितलं, पण त्या वेळी ती त्याच्याकडे न पाहता पायऱ्या झाडत होती.

फेब्रुवारीत, कालव्यांवर बर्फ धरलं होतं त्या आठवड्यात, दुपारी दाराची घंटी वाजली. बास्तियानने जिन्यातला दाराचा दोर वरून ओढला तसं खालचं दार उघडलं. उभट जिन्याच्या तळाशी लेनी उभी होती. खालचा ओठ फाटलेला, कोट उलटा घातलेला, आणि हातात झाकण लावलेली बादली, टॉवेलात गुंडाळलेली.

ती वर आली. वाटेत एकदाही थांबली नाही. बादली स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवली आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"मी इथे राहणार आहे," ती म्हणाली.

"आईकडे का नाही गेलीस?"

"तो पहिला तिथेच जाईल म्हणून. मावशीच्या दाराला साधी कडी आहे. इथे यायची त्याची छाती होणार नाही."

बास्तियानने जिन्याकडचं दार लावून घेतलं.

"एक सांगून ठेवते," लेनी म्हणाली. "मला बाप नकोय. दारात बांधायला कुत्रा हवाय. जमेल?"

"जमेल," तो म्हणाला.

बादलीत दोन एंजल मासे होते. तळहाताएवढे, चपटे, रुपेरी, आणि त्यांचे पर शिडासारखे वर-खाली ताणलेले. लेनीच्या घरच्या टाकीत तसे सहा होते. सकाळी रीनुसने तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि एकेक मासा जाळीने काढून फरशीवर टाकला. मासा तडफडायचा थांबला की दुसरा. चार झाल्यावर त्याला लघवीला जावं लागलं. तेवढ्या वेळात लेनीने उरलेले दोघे बादलीत घेतले आणि मागच्या जिन्याने निघाली. हे सांगताना तिचा आवाज सपाट होता. बास्तियानला तिच्या ओठाचं काहीच विशेष वाटलं नाही, ओठ त्याने पुष्कळ पाहिले होते. पण त्यासाठी रीनुसने खुर्ची ओढून बसावं, हे मात्र त्याच्या मनाला लागलं.

"यांना तुझ्या टाकीत टाक," ती म्हणाली. "बादलीतलं पाणी गार होतंय."

"माझे यांना फाडून खातील, पोरी."

"मग काहीतरी कर. तुझे आहेत ना ते?"

त्याने डिनाच्या माळ्यावरून खिडकीची जुनी काच आणली, कडा घासून कापली आणि टाकीच्या मधोमध उभी केली. दोन्ही बाजूंनी दगडांचा आधार दिला, पाणी खेळावं म्हणून कडेला फट ठेवली. सगळे दगड हलवून मांडले, कारण सिक्लिडला आपली जागा ओळखीची वाटेनाशी झाली की तो थोडा वेळ तरी गोंधळतो. मग एंजल सोडले. हीटर त्यांच्या बाजूला दिला.

नर गोंधळला तो तेवढी एक संध्याकाळ. सकाळपासून त्याने काचेला धडका मारायला सुरुवात केली. कल्ले फुगवायचा, मागे सरायचा, आणि सगळं अंग झोकून द्यायचा. मादी त्याच्या मागोमाग. दोन-चार दिवसांत दोघांचे ओठ सोलून पांढरे पडले. तिकडे एंजल हीटरच्या मागे एकमेकांना चिकटून उभे. टाकलेलं अन्न त्यांच्या नाकासमोरून खाली जायचं, ते तोंड उघडायचे नाहीत.

"काच आहे हे त्यांना कळत नाही का?" लेनीने विचारलं.

"नराला कळतं. म्हणून तर तो चिडलाय."

"आणि माझ्यांना?"

बास्तियानने विचार केला. "तुझ्यांचा काचेवर भरवसा नाही."

माणसांचंही त्या घरात काही वेगळं चाललं नव्हतं. बास्तियान सकाळी गोदीवर जायचा, संध्याकाळी येताना भाजी, मांस आणायचा. वाटाण्याचं घट्ट सूप, बटाट्यात कुस्करलेली पालेभाजी, वर तळलेलं डुकराचं मांस, एवढंच त्याला येत होतं. तो तिच्यासमोर ताट ठेवायचा आणि स्वतः शेगडीपाशी उभ्याने खायचा. गुत्त्यावरचं काम त्याने सोडलं. तिने सांगितलं नव्हतं, पण घरात दारूचा वास नको असं त्याचं त्यालाच वाटलं असावं. झोपायला गेली की लेनी आतून दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकवायची. खुर्चीचे पाय लाकडी जमिनीवर खरवडत. बास्तियानला तो आवाज रोज ऐकू यायचा. ती खुर्ची रीनुससाठी नाही, हे कळण्याइतकी अक्कल त्याला होती.

एकदा ती कांदा चिरत होती आणि तो तिच्या मागून मीठ घ्यायला गेला. ती गर्रकन वळली, सुरी पुढे धरून. दोघे तसेच उभे राहिले.

"मीठ हवं होतं," तो म्हणाला.

"सांगून ये. मागून येत जाऊ नकोस."

"बरं."

तेव्हापासून तो घरात वावरताना तोंडाने काही ना काही पुटपुटत राहायचा, म्हणजे आपण कुठे आहोत ते तिला कळावं. डिना हसायची. "काय रे, म्हातारपणी वेड लागलं का?"

रीनुस आला तो शनिवारी, भर दुपारी. बास्तियान माशांसाठी काळीज बारीक करत होता. घंटी वाजली ती डिनाच्या मजल्याची. पाववाला असेल म्हणून तिने वरून दोर ओढला. जिन्यावर जड बूट वाजले आणि डिनाचे शब्द ऐकू आले, "अहो, तुम्ही कोण?" मग बास्तियानच्या दाराची फळी आत आली. रीनुसच्या हातात ट्रकचं टायर काढायची पहार होती. अंगापिंडाने तो बास्तियानपेक्षा रुंद होता आणि वयाने जवळपास निम्मा.

"बाजूला हो, म्हाताऱ्या. माझी बायको न्यायला आलोय."

"ती नाही म्हणते," बास्तियान म्हणाला.

"तिला कोणी विचारलंय?"

पहार बास्तियानच्या डाव्या खांद्यावर बसली. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरात उभ्या लेनीला ऐकू आला. बास्तियानचा डावा हात लोंबला. उजव्या हाताने त्याने रीनुसचा गळपट्टा धरला आणि त्याला पुढच्या खोलीत असा भिरकावला की तो टाकीवर जाऊन आदळला. जुना लोखंडी सांगाडा कुरकुरला, पाणी काठावरून जमिनीवर सांडलं, टाकी मात्र टिकली. रीनुसने पुन्हा पहार उचलली. बास्तियानने ते मनगट पकडलं, खुर्चीच्या पाठीवर त्याचा कोपर उलटा ठेवला आणि सगळं वजन टाकलं. पहार पडली. रीनुस किंचाळला आणि गुडघ्यावर आला.

भांडण तिथे संपलं होतं. बास्तियानचं संपलं नव्हतं. त्याने रीनुसला केसांना धरून जिन्यापर्यंत ओढत नेलं आणि कठड्याच्या वरच्या खांबावर त्याचं तोंड आपटायला सुरुवात केली. सावकाश, एका लयीत, पोती रचावीत तसा. खांबाचा रंग बदलला. डिना वरच्या पायरीवर बसून तोंड दाबून रडत होती.

"बाबा, पुरे," लेनी म्हणाली. "अरे, मरेल तो."

त्याला ऐकू गेलं नाही. तिने शेगडीजवळचं कोळशाचं फावडं उचललं आणि बापाच्या मोडलेल्या खांद्यावर होती नव्हती ती ताकद लावून हाणलं.

तो वळला. रीनुसचे केस सोडून उजवी मूठ वर गेली होती. लेनीने फावडं टाकून दिलं. तिने तोंडावर हात घेतले नाहीत.

"मार," ती म्हणाली. "आईचा कान झाला, माझी भुवई झाली. आता काय घ्यायचंय? घे."

सुटलेला रीनुस कलंडला आणि पायरी पायरीने आपटत थेट रस्त्याच्या दारापर्यंत गेला. मूठ वरच होती. ती खाली कशी आणायची ते बास्तियानला आठवत नसल्यासारखं दिसत होतं. शेवटी तो भिंतीला टेकून खाली बसला, आणि हात आपोआप मांडीवर आला.

तेवढ्यात लेनीची नजर टाकीकडे गेली. मधली काच आडवी झाली होती. तिने धावत जाऊन कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. एका एंजलचे पर उरलेच नव्हते. तो नुसता रुपेरी चकतीसारखा कलंडत होता, आणि मादी त्याचा डोळा काढत होती. दुसऱ्याला नराने कुंडीपाशी गाठलं होतं. लेनीने मुठीत दुसरा पकडला. नर तिच्या बोटांना चावत वर पाण्याच्या वरच्या थरापर्यंत आला. तिच्या अंगठ्यातून रक्त आलं.

पोलीस वर आले तेव्हा ती त्याच बादलीत पाणी भरत होती.

"उठा," त्यातला एक बास्तियानला म्हणाला.

"थोडं थांबा," बास्तियान म्हणाला. "तिला हीटर काढता येत नाही. विजेचा धक्का बसेल." मग लेनीला, "आधी पिन काढ भिंतीतली. मग हात घाल."

रीनुस वाचला. त्याचा कोपर पुन्हा कधी सरळ झाला नाही आणि एका डोळ्याची नजर अधू झाली. पहार त्याने आणली होती, दार त्याने फोडलं होतं, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. पण न्यायाधीशांनी विचारलं, "तो पडल्यानंतर तुम्ही थांबलात का?" तेव्हा वकिलाने केलेली खूण बास्तियानने पाहिली नाही. "नाही," तो म्हणाला. "मी थांबलो नसतो. पोरीने थांबवलं." शिक्षा झाली, आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त झाली.

लेनी त्या घरात राहिली. रीनुसने घटस्फोटाला नाही म्हटलं नाही. वाचलेला एंजल तिने इनॅमलच्या घंगाळात हीटर लावून ठेवला. मोठ्या टाकीत सिक्लिडच्या जोडीने अंडी घातली. पिल्लं फुटली तेव्हा लेनी टाकीपुढून हलेना. ज्यांनी तिच्या माशाचा डोळा काढला तेच दोघे ठिपक्याएवढ्या पिल्लांना तोंडात उचलून खड्ड्यात नेऊन ठेवत होते. एखादं भरकटलं की नर मागे जायचा, तोंडात घ्यायचा, परत आणून अलगद सोडायचा.

मग एका रविवारी आल्चे आली. किती वर्षांनी तो जिना चढत होती. वर येऊन तिने दम घेतला, खांबावरचा खरवडलेला भाग पाहिला, आणि टाकीपुढे उभी राहिली. मादी कोपऱ्यातल्या दगडामागे अडकून बसली होती. तिची शेपटी फाटली होती, आणि नर तिला तिथून हलू देत नव्हता.

"हिला बाहेर काढ," आल्चे म्हणाली.

"कुठे ठेवू? घंगाळात एंजल आहे. त्याला ही मारेल. उद्या डबा बघते काहीतरी."

आल्चेने चांगला कान पुढे केला होता, म्हणजे तिला ऐकू आलं होतं. "उद्या म्हणतेस," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या भेटीच्या दिवशी लेनी तुरुंगात गेली. लांब टेबल, पलीकडे बास्तियान, केस अगदी बारीक कापलेले.

"तुझ्या खुन्याला पिल्लं झाली," ती म्हणाली.

"किती?"

"मोजायला नाही बसले. त्याने मादीला मारलं. सकाळी बघितलं तर तळाशी पडली होती. पोट फाडलेलं."

बास्तियानने मान हलवली. "होतं तसं. पिल्लं हिंडायला लागली की त्याला ती नकोशी होते. वेळेवर काढायला हवी होती."

"आईने सांगितलं होतं." लेनी म्हणाली. "मग मी त्याला बाहेर काढलं. जाळीने. ओट्यावर ठेवलं आणि मांस ठेचायच्या हातोडीने मारलं."

पलीकडचा एक कैदी कोणाशी तरी मोठ्याने बोलत होता. त्याचा आवाज थांबल्यावर बास्तियानने विचारलं.

"एका फटक्यात गेला?"

"दोन लागले."

"पहिल्याच वेळी दोन म्हणजे..." तो बोलता बोलता थांबला. तिने मान वर करून त्याच्याकडे अशी नजर टाकली की ते वाक्य त्याने गिळलं. "तुला कसं वाटलं?" त्याने विचारलं. असला प्रश्न त्याने आयुष्यात कुणाला विचारला नव्हता.

"छान वाटलं," लेनी म्हणाली. "त्या क्षणी फार छान वाटलं. मग मी उलटी केली."

"मला उलटी कधी झाली नाही," बास्तियान म्हणाला.

"माहितेय."

त्याने टेबलावरचे हात मागे घेतले. मग त्याने विचारलं, "आणि पिल्लं? दुकानदार घेतो. त्याला सांग, माझी आहेत म्हणून."

"पिल्लं नाहीत. मोठी टाकी रिकामी झाली म्हणून मी एंजलला तिथे सोडलं. म्हटलं, बिचारा इतके दिवस घंगाळात होता."

"आणि?"

"खाल्ली त्याने. सगळी. संध्याकाळपर्यंत एक ठेवलं नाही. पोट असं टम्म."

बास्तियान हसायला लागला. खांदा दुखत होता तरी हसत राहिला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पहारेकऱ्याने वळून पाहिलं. लेनीलाही हसू आवरेना. आई ज्या हसण्याबद्दल सांगायची ते हे, असं तिला वाटलं, आणि वाटल्यावर तिचं हसू थांबलं.

तो सुटला तेव्हा तिने त्याला घरी नेलं नाही. गोदी कामगारांच्या वसतिगृहात त्याच्यासाठी खोली बघून ठेवली होती. "घर आता माझ्या नावावर आहे," तिने ट्राममध्ये सांगितलं. "टाकीही माझी. रविवारी कॉफीला ये. चार वाजता जायचं."

"चारला का?"

"मी सांगते म्हणून."

तो रविवारी यायला लागला. धुतलेला सदरा घालून यायचा, बादल्या भरून टाकीचं पाणी बदलून द्यायचा, उरलेल्या त्या एका एंजलला गांडूळ कापून घालायचा. कधीमधी आल्चे आलेली असायची. ती आपला ऐकू न येणारा कान त्याच्या बाजूला येईल अशी बसायची आणि त्यामुळे दोघांना सोयीचं पडायचं. तो साधू झाला असं समजू नका. गोदीत संप पेटला त्या उन्हाळ्यात त्याने एका मुकादमाचे दात पाडले आणि आठवडाभर कोठडीत काढला. सुटल्यावरच्या रविवारी लेनीने दोर ओढलाच नाही. तो खाली घंटी वाजवत उभा राहिला, मग निघून गेला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला.

त्याच हिवाळ्यात शनिवारच्या बाजारात, हेरिंग माशांच्या गाडीपाशी, त्याच्यासमोर रीनुस आला. वाकडा हात कोटाच्या बाहीत कसाबसा बसवलेला. त्याने बास्तियानला ओळखलं आणि रस्ता सोडला नाही. आजूबाजूच्या बाया मागे सरकल्या. रीनुस त्याच्या बुटांवर थुंकला.

"बोल की काहीतरी, म्हाताऱ्या."

बास्तियानने हेरिंगवाल्याकडून कागद मागून घेतला, वाकून बूट पुसला, कागद टोपलीत टाकला आणि चालायला लागला. ट्रामच्या थांब्यावर त्याने दोन ट्राम जाऊ दिल्या. मारामारीनंतर असं त्याने कधी केलं नव्हतं.

रविवारी तो नेहमीपेक्षा लवकर आला. कॉफी ओतली जाईपर्यंत त्याला दम निघेना. त्याने सगळं सांगितलं, थुंकण्यापासून टोपलीपर्यंत, आणि मग लेनीच्या तोंडाकडे बघत बसला.

लेनीने त्याच्या बशीत बिस्किट ठेवलं. "बरं मग?"

"बरं मग काय? मी त्याला हात लावला नाही."

"बाबा, शनिवारी बाजारात हजार माणसं असतात. सगळी कोणाला हात न लावताच घरी येतात. त्यांची कॉफी कोणी गोड करत नाही."

बास्तियान बिस्किटाकडे बघत राहिला. चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला. त्याने बिस्किट कॉफीत बुडवलं, ते फार वेळ बुडलं आणि तुटून तळाशी गेलं. चमच्याने शोधत तो म्हणाला, "हजार नसतील. थंडी होती काल."

"असो," लेनी म्हणाली. "बादल्या बाहेर काढून ठेवल्यात. साडेतीन होत आले."

तो उठला आणि बाह्या वर करू लागला.